घर खरं होतं, फोन नंबर खोटा होता

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सहा जण साताऱ्याहून कोकणात गेलो होतो. आई, आबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं. आंजर्ल्याच्या मुक्कामासाठी मी ज्याला पैसे पाठवले त्याचा त्या गावाशी काडीचाही संबंध नव्हता. एकूण २८,००० रुपये गेले. त्यातले निम्मे आम्ही घरून निघण्याआधीच गेले होते आणि उरलेले निम्मे त्या घराच्या अंगणात उभं राहून मी स्वतःच्या हाताने पाठवले. उन्हाळ्याच्या सुट्टीची बुकिंगं आता सुरू होतील, म्हणून झालं ते सगळं लिहितो आहे.

आईचं माहेर चिपळूणजवळचं. लग्न होऊन साताऱ्याला आल्यावर तिचं कोकणात जाणं झालं ते लग्नकार्याला, नाहीतर कुणाच्या दिवसांना. रात्रीच्या एसटीने जायचं आणि काम उरकलं की परतायचं. ‘एकदा समुद्राच्या कडेकडेनं नुसतं हिंडायचंय, कुठं पोचायची घाई नको,’ असं ती कितीतरी वर्षं म्हणत होती. आबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, ते पुन्हा चालायला लागले आणि आम्ही ठरवलं, या वर्षी जायचंच.

बेत मी महिनाभर आधीपासून आखत होतो. उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा आणि चिपळूणवरून गुहागर गाठायचं. तिथे दोन रात्री राहून हेदवी, वेळणेश्वर बघायचं. मग धोपाव्याला फेरीबोटीत गाडी घालून दाभोळ, तिथून कोळथरे, बुरोंडी, लाडघर, कर्दे, मुरुड, हर्णै असं किनाऱ्याकिनाऱ्याने आंजर्ल्यात तीन रात्री. पुढे केळशीवरून वेसवीला जाऊन दुसऱ्या फेरीने बागमांडला, हरिहरेश्वर, आणि परत येताना महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर. चिपळूणपर्यंतचा पहिला टप्पा सोडला तर एका दिवसात फार गाडी चालवायची नाही, वाटेत आईला वाटेल तिथे थांबायचं, एवढाच नियम होता.

गुहागरची सोय ओळखीतून झाली. त्या काकांना मी आगाऊ किती पाठवू विचारलं तर म्हणाले, ‘आगाऊ कशाला? या तर खरं.’ आंजर्ल्यात मात्र ओळखीचं कुणी नव्हतं. मोबाईलच्या नकाशावर शोधलं तेव्हा समुद्रापासून जवळ, वाडीतलं एक कौलारू घर दिसलं. खाली साठ-सत्तर लोकांचे अभिप्राय होते, चांगले आणि खरे वाटणारे. कुणी कुळथाच्या पिठल्याचं कौतुक केलं होतं, कुणी आजींच्या आपुलकीचं. पुढे कळलं की ते सगळे अभिप्राय खरेच होते. घर खरं होतं, आजी खऱ्या होत्या, फोटोही बहुतेक खरे होते. फक्त घराच्या नावाखालचा फोन नंबर त्यांचा नव्हता. नकाशावरच्या माहितीत दुरुस्ती सुचवायची सोय कुणालाही असते. मालकाने ती नोंद स्वतःच्या ताब्यात घेतलेली नसेल, तर त्रयस्थ माणसाने सुचवलेला नंबरही तिथे लागू शकतो. आजींनी ती नोंद कधी पाहिलीसुद्धा नव्हती. कुणातरी पाहुण्याने कौतुकाने ती केली होती.

फोन उचलणारा माणूस शुद्ध मराठी बोलत होता. स्वतःला मॅनेजर म्हणवत होता. गोड बोलणारा, अजिबात घाई न करणारा. त्याने विचारलं, ‘सोबत वयस्कर कोणी आहे का?’ आणि मी सगळं सांगत गेलो. आबांचा गुडघा, जिना नको, कमोड हवा, आईला समुद्र दिसायला हवा, आम्ही अमुक दिवशी दुपारच्या फेरीने दाभोळला उतरणार. एक एक गोष्ट मी त्याच्या हातात दिली आणि त्याने तीच मला परत ऐकवली. तळमजल्याची, कमोडवाली खोली एकच उरली आहे म्हणे. शेजारची दुसरी धरून दोन खोल्या, तीन रात्री, खोलीला ३,००० प्रमाणे १८,००० रुपये. निम्मे, म्हणजे ९,००० आगाऊ. ‘नाताळची गर्दी आहे सर, पण आजोबांसाठी संध्याकाळपर्यंत खोली धरून ठेवतो,’ असं तो म्हणाला.

पैसे पाठवताना यूपीआयवर जे नाव उमटलं ते त्या घराच्या मालकांच्या आडनावाशी जुळत नव्हतं. मी विचारलंही. ‘हिशेबाचं काम बघणाऱ्याचं खातं आहे, जीएसटीसाठी,’ असं उत्तर आलं. जीएसटीचा आणि दुसऱ्याच्या नावाच्या खात्याचा काय संबंध, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. लगेच व्हॉट्सॲपवर पावती आली, घराचा फोटो, शिक्का, बुकिंग क्रमांक सगळं असलेली. पावती कुणीही बनवू शकतो. पैसे कुणाच्या खात्यात जातात हे सांगणारी एकच खरी गोष्ट माझ्या हातात होती, ते स्क्रीनवरचं नाव, आणि तिथेच मी त्याचं ऐकलं.

निघायच्या चार दिवस आधी त्याचा पुन्हा फोन आला. सुट्टीच्या दिवसांत ५,००० रुपयांची अनामत घेतात, निघताना परत मिळते. नाही भरली तर खोली दुसऱ्याला द्यावी लागेल. तोवर आमची बाकीची सगळी जुळवाजुळव झाली होती, आईने पिशव्याही भरल्या होत्या. मी पाठवले. एकदा ९,००० दिले की ५,००० न देणं जास्त अवघड होतं.

गुहागरचे दोन दिवस मनासारखे गेले. आई सुरूच्या बनातून सकाळी एकटीच किनाऱ्यावर जाऊन बसायची. व्याडेश्वराचं दर्शन झालं, हेदवीचा दशभुज गणपती झाला. तिसऱ्या दिवशी धोपाव्याला फेरीत गाडी चढवली आणि आम्ही सगळे खाली उतरून कठड्याशी उभे राहिलो. वाशिष्ठी तिथे समुद्राला मिळते. आई म्हणाली, ‘हीच आपल्या चिपळुणावरून येते.’ मग तिने मुक्कामाचा पत्ता बघायला माझा मोबाईल घेतला आणि मॅनेजरचा संदेश मोठ्याने वाचला. ‘सकाळी चहा घेत समुद्रातून उगवणारा सूर्य पाहा.’ वाचून ती थांबली. ‘अरे, इथं सूर्य समुद्रात बुडतो. उगवतो तो मागच्या डोंगरातून. हा माणूस कोकणातला नाही.’

मी म्हणालो, घाईत लिहिलं असेल. आईचं बोलणं मी तिथेच सोडून दिलं. तेव्हा सव्वातीन झाले होते आणि अजून उजेड होता. त्याच क्षणी हर्णै-मुरुडमधल्या दोन-चार ठिकाणी फोन केले असते तर रात्रीची सोय झाली असती आणि पुढचे १४,००० वाचले असते. याच माणसाने मला असंही सांगितलं होतं की फेरीवरून उतरलात की वीस मिनिटांत पोहोचाल. दाभोळ ते आंजर्ले हा वळणावळणाचा, चढउताराचा रस्ता आहे, निवांत गेलं तर दीड तास सहज लागतो. हे मला नकाशावर दिसतही होतं.

आंजर्ल्यात पोहोचेपर्यंत दिवस मावळला होता. घर सापडलं, अगदी फोटोतलंच. अंगणात दुसऱ्या दोन गाड्या उभ्या. आजी बाहेर आल्या. मी नाव सांगितलं, पावती दाखवली. त्यांनी ती हातात धरून नीट वाचली आणि ओटीवर बसल्या. ‘तुम्ही तिसरे हो,’ म्हणाल्या. ‘दिवाळीत दोन कुटुंबं अशीच आली होती. आमचा नंबर हा नाहीच. आणि आम्ही कुणाकडून आगाऊ घेतच नाही.’

मी तिथूनच त्या नंबरवर फोन लावला. त्याने उचलला, आणि याचंच मला आजही जास्त आश्चर्य वाटतं. आवाजात जराही गडबड नव्हती. ‘माफ करा सर, दोनदा बुकिंग झालंय, मालकांना कल्पना नाही. तुमचे १४,००० आत्ता परत करतो. क्यूआर पाठवतोय, स्कॅन करा, रक्कम दिसेल, पिन टाका, लगेच जमा होतील.’ आबा गाडीत पाय अवघडून बसलेले, मुलं भुकेजलेली, बाहेर अंधार. पैसे परत येतात एवढंच मला ऐकू आलं. मी स्कॅन केलं, १४,००० दिसले, पिन टाकला. बँकेचा संदेश आला तो रक्कम वजा झाल्याचा. पुन्हा फोन लावला तर बंद.

पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो फक्त द्यायला, किंवा आपलीच शिल्लक बघायला. हे मला माहीत होतं. दुकानात रोज पैसे देणाऱ्या कुणालाही माहीत असतं. पण त्या अंगणात, त्या घटकेला, ते आठवलं नाही. म्हणून ज्यांना वाटतं आपण असे फसणार नाही, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: फसवणूक फक्त घरात शांत बसलेलं असतानाच होते असं नाही. थकलेल्या आई-वडिलांना घेऊन परक्या गावात उभे असाल तेव्हा आलेला कुठलाही ‘रिफंड’ सकाळपर्यंत थांबवा.

आजींच्या पुतण्याने लगेच १९३० ला फोन लावायला सांगितला. सायबर फसवणुकीसाठीचा हा देशभराचा क्रमांक आहे. लागायला दहा-बारा मिनिटं गेली. त्यांनी माझी बँक, रक्कम, वेळ आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक विचारला. तो यूपीआयच्या व्यवहाराच्या तपशिलात सापडतो, त्या वेळी शोधताना माझे हात थरथरत होते. तक्रारीचा क्रमांक मोबाईलवर आला. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर पुतण्याने माझ्याकडून सगळं भरून घेतलं, पावती आणि संभाषणाची चित्रं जोडली. हे तासाभरात झालं म्हणून शेवटच्या १४,००० पैकी ८,५०० पुढच्या एका खात्यात गोठवले गेले. बाकीचे तोवर पुढे गेले होते. आधीच्या १४,००० चा तर मागमूस नव्हता. गोठवलेली रक्कमही आपोआप परत येत नाही. साताऱ्याला पोहोचल्यावर आमच्या पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला, आता कोर्टात अर्ज केला आहे. बँकेने सांगितलं की पिन तुम्हीच टाकला आहे, त्यामुळे हा व्यवहार तुमच्या संमतीचाच धरला जातो. त्यांच्याशी भांडून फार उपयोग होत नाही, वेळ १९३० साठीच वाचवावा.

त्या रात्री आजींच्या दोन्ही खोल्या भरलेल्या होत्या. त्यांनी ओटीवर गाद्या घातल्या, आबांसाठी आतली स्वतःची कॉट दिली, गरम भात आणि कुळथाचं पिठलं वाढलं. सकाळी त्यांनीच शेजारी फोन करून आमची सोय लावली. पैसे घ्यायला तयार नव्हत्या, आईने बळेच हातात ठेवले. दुसऱ्या दिवशी आम्ही आबांना घेऊन कड्यावरच्या गणपतीला गेलो, संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघितला. आईने तिचा समुद्र पाहिला. पण माझं अर्धं लक्ष मोबाईलमध्ये होतं आणि ते तिला कळत होतं. गेलेल्या पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं आहे. इतकी वर्षं तिने वाट पाहिलेला प्रवास होता तो.

कोकणात खात्री करून घेणं सोपं असतं, हे मला आजींकडून कळलं. तिथे घरं एकमेकांना ओळखतात. नकाशावर त्या घराच्या आसपासचं किराणा दुकान, खानावळ किंवा दुसरं घरगुती निवास शोधायचं आणि तिथे फोन करून विचारायचं, ‘अमक्यांचा नंबर हाच का?’ दोन मिनिटांत खरं काय ते कळतं. मालकांना व्हिडिओ कॉल करून अंगण दाखवायला सांगायचं. खरा माणूस हसत दाखवतो, खोट्याकडे अंगणच नसतं. आणि खात्यावरचं नाव जुळत नसेल तर कारण ऐकत बसायचं नाही.

आजींच्या नोंदीवरचा नंबर पुतण्याने दुरुस्त करून घेतला आहे. फाटकावर त्यांनी रंगाने खरा नंबरही लिहिला. मी मात्र अधूनमधून त्या किनाऱ्यावरच्या घरांच्या नोंदी उघडून बघत असतो. गेल्या आठवड्यात जवळच्याच एका गावातल्या घराखाली अभिप्रायांत दिसलं, ‘पैसे भरले, पोहोचल्यावर मालकांना काहीच माहीत नाही.’ नंबर नवा होता. बायकोच्या फोनवरून मी तो लावला. तोच आवाज, तितकाच शांत. तारखा विचारल्या, माणसं किती ते विचारलं. मग म्हणाला, ‘सोबत वयस्कर कोणी आहे का? नाही, तळमजल्याची खोली लागेल ना, म्हणून विचारलं.’

मी फोन ठेवला, नंबर तक्रारीत जोडला आणि त्या घराशेजारचं किराणा दुकान नकाशावर शोधायला बसलो.