कोकरांसाठी खनिज पावडर आणि लिव्हर टॉनिक : मृगापासून होळीपर्यंतच्या वापराचा अनुभव

मेंढ्यांसाठीचं मिनरल मिक्श्चर, म्हणजे खनिज पावडर, गाभण मेंढ्यांना आणि कोकरांच्या खुराकात, शिवाय पिल्लांना पाजायचं लिव्हर टॉनिक, असं सगळं मृगापासून होळीपर्यंत कळपात चालू ठेवलं. पैसे वसूल झाले ते पावडरीचे, आणि त्यातही जास्त गाभण मेंढ्यांना दिलेल्या पावडरीचे. 'प्रतिकारशक्ती वाढवते' हे लेबलवर वाचून बाटली थेट पिल्लाच्या तोंडाला लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

कोकरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात आईकडची, रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं जवळजवळ नसतात, कारण मेंढीच्या वारेतून ती पिल्लापर्यंत जात नाहीत. ती मिळतात चिकातून, म्हणजे विल्यावरच्या पहिल्या दाट दुधातून. ती शोषून घेण्याची आतड्यांची ताकद तासागणिक घटत जाते आणि २४ तासांत संपते. अडीच किलोच्या कोकराच्या पोटात पहिल्या दोन तासांत साधारण १२५ मिली आणि दिवसभरात अर्धा लिटर चीक गेला पाहिजे. तो चुकला तर पुढे कोणतंही टॉनिक ती उणीव भरून काढत नाही. चीक दाट हवा असेल तर मेंढीला विण्याआधीचे सहा आठवडे रोज १० ग्रॅम पावडर आणि पाव किलोपर्यंत खुराक द्या. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होऊन जनावर दगावतं त्या रोगाची) लस विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी टोचून घ्या. नुसत्या सोयाबीनच्या कुटारावर आणि वेचणी झालेल्या पऱ्हाटीत चरणाऱ्या मेंढीला याची फार गरज असते. पावडर मिळालेल्या अशा मेंढ्यांची पिल्लं लवकर उठून सडाला लागली. माती चाटणं, एकमेकांची लोकर चघळणंही पुष्कळ कमी झालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाई-म्हशींचं मिनरल मिक्श्चर मेंढीला देऊ नका. दुकानात तेच पुढे करतात आणि ते स्वस्तही पडतं, पण त्यात तांबं असतं. पाकिटावर तांबं ०.१ टक्का लिहिलं असेल तर खुराकात २ टक्के पावडर मिसळल्यावर किलोमागे २० मिलिग्रॅम तांबं नुसतं पावडरीतूनच येतं. मेंढीच्या एकूण आहारात कोरड्या वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. जादा तांबं यकृतात गुपचूप साठत राहतं. लांबची चाल, उपासमार किंवा आजारपणाचा ताण आला की ते एकदम रक्तात उतरतं. डोळे पिवळे पडतात, लघवी गडद लाल-तपकिरी होते आणि चांगलं धष्टपुष्ट जनावर एक-दोन दिवसांत जातं.

दुसऱ्या आठवड्यापासून कोकरांपुढे ठेवलेला १० किलो खुराक असा: मका भरडा ५ किलो, शेंगदाणा ढेप २ किलो २०० ग्रॅम, तुरीची चुनी १ किलो ३०० ग्रॅम, गव्हाचा कोंडा १ किलो, पावडर २०० ग्रॅम, कॅल्साइट पावडर (चुनखडीची भुकटी) २०० ग्रॅम, मीठ १०० ग्रॅम. कॅल्साइट वगळू नका. दाण्यात आणि कोंड्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. त्यामुळे नर कोकरांना मुतखडा होतो. कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावं आणि पाणी कायम समोर असावं. आपल्याकडे सरकीची ढेप घरोघरी असते, पण रवंथ नीट सुरू न झालेल्या पिल्लाला ती घालू नये. त्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य हृदयावर परिणाम करतं. शेंगदाणा ढेप पावसाळ्यात बुरशी धरते. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष प्रतिकारशक्तीच खाली आणतं, म्हणजे एका हातानं टॉनिक पाजायचं आणि दुसऱ्या हातानं त्याचा परिणाम पुसायचा. वास आला की ढेप फेकाच.

पावडर थेट ढिगावर टाकली की तळाशी बसते आणि शेवटी खाणाऱ्या पिल्लाच्या वाट्याला सगळी जाते. आधी किलोभर कोंड्यात घोळा, मग गुळाच्या पाण्याचा हलका शिपका देऊन बाकीच्यात मिसळा. ओलसर खुराक त्याच दिवशी संपेल एवढाच करावा. गव्हाण उंच ठेवा. पिल्लं तिच्यात उभी राहिली की लेंड्या खुराकात पडतात आणि कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींची हगवण सुरू होते.

लिव्हर टॉनिकनं भूक थोडी सुधारली, एवढंच. हगवणीवर काही फरक नाही. पाजताना डोकं वर ताणलं तर औषध फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. मान सरळ ठेवून, सुई काढलेल्या सिरिंजनं गालाच्या कोपऱ्यातून हळूहळू सोडा. सेलेनियम-व्हिटॅमिन ई मात्र पशुवैद्यकांना विचारल्याशिवाय देऊच नये. सेलेनियमच्या गरजेत आणि विषात अंतर फार थोडं आहे. पावडरीत सेलेनियम असताना वर इंजेक्शन दिलं तर पिल्लू दगावू शकतं.

खालची पापणी उलटून पाहा. ती पांढरट दिसली तर जंतांमुळे रक्त कमी झालेलं असू शकतं, म्हणून आधी जंताचं औषध, पावडर नंतर. तीन महिन्यांनंतर पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची) लस, पुढे आंत्रविषाराची, आणि तिचा दुसरा डोस १५ दिवसांनी. पावडरीमुळे यातलं काहीच टळत नाही.

पाकीट एक किलोचंच घ्या. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात व्हिटॅमिन ए टिकत नाही आणि श्रावणात पावडरीचे गोळे होतात. घट्ट झाकणाच्या डब्यात, घरातल्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवा आणि पाकीट फोडल्याची तारीख डब्यावर लिहा.