स्टेकचं तयार मॅरिनेड: ५ पैकी २ स्टार, त्यातला एक झाकणाला

तीन वेळा वापरून मग लिहितोय, त्यामुळे एकदा खाऊन लगेच नाव ठेवायला आला असं म्हणू नका. बाटलीवर मोठ्या अक्षरात 'फक्त ३० मिनिटांत मऊ स्टेक'. पहिल्यांदा बरोबर ३० मिनिटं ठेवलं आणि ग्रिलवर टाकलं तर दोन मिनिटांत बाहेरून काळंठिक्कर, थर्मामीटर खुपसला तर आत ३८ डिग्री, म्हणजे कच्चंच. दुसऱ्यांदा म्हटलं मुरू दे नीट, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं, तर सकाळी वरचा थर बोटाने खरवडला तरी निघेल असा गिळगिळीत आणि आतून होतं तसंच चिवट.

मग लेबल वाचलं (आधी वाचायचं असतं, माहितीये). पहिलं पाणी, दुसरी साखर, मग व्हिनेगर, मीठ आणि शेवटी पपेन, म्हणजे पपईतलं एन्झाइम. झालं, सगळा उलगडा तिथेच. साखर ग्रिलच्या आचेवर मांस शिजायच्या आत जळते आणि पपेन फार आत जातच नाही, वरवरच काम करत बसतं, जास्त वेळ दिला की वरचा लगदा.

मग घरीच केलं, पाच मिनिटं लागली. साधारण ७०० ग्रॅम फ्लँक स्टेकला (पोटाकडचा पातळ कट) ४ टेबलस्पून सोया सॉस, ३ टेबलस्पून तेल, १ टेबलस्पून लिंबाचा रस, १ टेबलस्पून वूस्टरशायर सॉस (आंबट-खारट तयार सॉस), ३ लसूण पाकळ्या ठेचून, चमचाभर जाडसर काळी मिरी आणि ब्राऊन शुगर अगदी अर्धा चमचा. वेगळं मीठ नको, सोया सॉस भरपूर खारट असतो, आणि खरं सांगायचं तर आतपर्यंत जातं ते मीठच, लसूण मिरीचा स्वाद जेमतेम काही मिलिमीटर. म्हणून हा सगळा खटाटोप फ्लँक, स्कर्ट असल्या पातळ कटसाठीच, जाड रिबआयला मीठ मिरी लावा आणि गप्प बसा.

झिप बॅगमध्ये घालून फ्रीजमध्ये ३ तास. आणि हे विसरू नका, ग्रिलवर टाकायच्या आधी पेपर टॉवेलने दाबून दाबून कोरडं करा, लसणाचे कण पण पुसून टाका. मला आधी वाटायचं एवढा स्वाद पुसून काय टाकायचा, पण ओलं असलं की सगळी आच पाणी उडवण्यात जाते आणि तो खरपूस तपकिरी रंग येतच नाही, लसूण जळून कडू होतो ते वेगळंच. ५२ डिग्रीला उतरवलं, १० मिनिटं हात लावला नाही, मग मांसाच्या तंतूंच्या रेषांना आडवं पातळ कापलं. मऊपणा निम्मा तर त्या कापण्यातच आहे हो, रेषांच्या दिशेने कापलेला तुकडा त्याच स्टेकचा असून दोरीसारखा लागला! बॅगेत उरलेलं मॅरिनेड ओतून दिलं, कच्च्या मांसातलं ते, सॉस म्हणून वापरायचं तर आधी चांगलं उकळायला हवं.

बाटलीचं म्हणाल तर तिसऱ्यांदा शेवटच्या मिनिटाला नुसतं ब्रशने वरून लावलं, तेव्हा चकाकी छान आली, चवही बरी होती. दुसरा स्टार त्याचा. आणि झाकणात बरोब्बर एक टेबलस्पून मावतो, ते धुऊन सोया सॉस मोजायला ठेवलंय.