पाचपैकी तीन तारे: माझी चौकशी करणाऱ्या एजन्सीबद्दल

या एजन्सीची मी गिऱ्हाईक नाही. पैसे माझ्या नव्या कंपनीने भरले, मी फक्त संमतीपत्रावर सही केली आणि कागद अपलोड केले. तरी लिहितेय, कारण बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे रुजू होण्याआधी जुन्या नोकरीची पडताळणी, कसं झालं हे ज्याचं झालं त्याला कुणी विचारत नाही. नाव मुद्दाम देत नाही.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये परचेस आणि स्टोअर सांभाळत होते. तळेगावच्या मोठ्या कंपनीची ऑफर आली, रीतसर राजीनामा दिला, नोटीस पूर्ण केली, स्टोअरचा चार्ज सही घेऊन दिला. रिलीव्हिंग लेटरही मिळालं. शेठचा राग एवढाच की मार्चच्या स्टॉक टेकिंगच्या तोंडावर गेले. तो राग फोनवर निघाला. एजन्सीच्या मुलाने एचआरऐवजी थेट शेठला फोन लावला आणि रिपोर्टात आलं: ‘अबस्कॉन्डेड. रिहायर: नाही.’ म्हणजे न सांगता पळून गेली, परत घेणार नाही. शेरा लाल. नव्या एचआरची मेल दुपारी आली, खुलासा द्या म्हणून.

आता चांगलं आधी सांगते. एचआरने रिपोर्टातलं माझं पान पाठवलं, त्यात माहिती देणाऱ्याचा हुद्दा आणि ‘व्हर्बल’, म्हणजे तोंडी, असं स्पष्ट लिहिलं होतं. कुणी, कुठल्या मार्गाने सांगितलं हे कळलं म्हणूनच उत्तर देता आलं. पोर्टलवर हरकत नोंदवायची सोय आहे आणि ती चालते. दुसऱ्या वेळी त्यांनी रिलीव्हिंग लेटर जोडून जुन्या कंपनीच्या अकाउंट्सला लेखी मेल टाकली. तिथून रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख बिनबोभाट कन्फर्म झाली. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं, रिलीव्हिंग लेटर तेव्हाच त्यांच्याकडे होतं! पण फोन आधी आणि कागद नंतर, अशी यांची पद्धत.

हेल्पलाइनवर बराच वेळ धून ऐकल्यावर जो एक्झिक्युटिव्ह भेटला तो म्हणाला, “मॅडम, समोरचा सांगेल ते आम्ही लिहितो.” मी म्हटलं, “अहो, मग तपासता काय?” यावर तो बिचारा हसला. त्याचा दोष नाही, त्याला दिवसाला अशा कितीतरी फायली उरकायच्या असणार. पण गोम इथेच आहे. नोकरीच्या तारखा, हुद्दा, नोटीस पूर्ण झाली की नाही, ही नोंद असते, तिला कागद असतो. ‘परत घ्याल का?’ हे शेठचं मत. दोन्ही एकाच रकान्यात, एकाच रंगात छापले की मतही नोंदीसारखं दिसायला लागतं.

माझ्यासाठी सगळ्यात कामाला आली ती ईपीएफओची, म्हणजे भविष्य निर्वाह निधी (पीएफ) कार्यालयाची, सर्व्हिस हिस्टरी: कुठे, कधीपासून कधीपर्यंत नोकरी केली याची नोंद. त्यात सोडल्याची तारीख शेठच्याच ऑफिसने भरलेली होती. यूएएनने, म्हणजे आपल्या पीएफच्या कायम नंबरने, लॉगिन करून आजच बघून ठेवा. कंपनीने तारीख भरलीच नसेल तर जानेवारी २०२० पासून ती आपली आपल्याला भरता येते, शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने गेले की. अर्थात अशा वादात कंपनीने भरलेली तारीख जास्त वजनदार. सोबत फॉर्म १६ (पगारावर कापलेल्या कराचा कंपनीने दिलेला दाखला), पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट आणि चार्ज दिल्याची मेल जोडली. पासवर्ड असलेली पीडीएफ पोर्टल घेत नाही आणि का घेत नाही तेही सांगत नाही. पासवर्ड काढून चढवा.

आमच्या आत्याचा मुलगा वकील आहे. तो बदनामीच्या कलमावर, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या ३५६ वर, लगेच घसरला. मग स्वतःच म्हणाला की सद्भावनेने दिलेल्या मताला त्यात अपवाद आहे, आधी कागदाने रिपोर्ट बदलून घे. तेच केलं. शेठला फोन करून भांडायचा मोह मीही आवरला.

शेवटी शेरा लालचा पिवळा झाला: ‘तारखा पडताळल्या, तोंडी अभिप्राय वेगळा.’ हिरवा नाही. रिहायरच्या रकान्यात अजूनही ‘नाही’ आहे, आणि त्याला माझी हरकत नाही, शेठचं मत ते शेठचं. तळेगावच्या एचआर मॅडमनी कागद पाहून रुजू करून घेतलं, जॉइनिंग मात्र पुढे ढकललं गेलं. मधल्या काळाचा पगार ना इथला ना तिथला.

एक तारा पोर्टलवरच्या हरकतीच्या सोयीचा, एक लेखी फेरतपासणीचा, एक हुद्दा उघड लिहिल्याचा. दोन कापले ते पहिल्या फोनचे. पूर्ण रिपोर्टाची प्रत मागितली तर ‘रिपोर्ट क्लायंटचा असतो’ असं उत्तर मिळालं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपल्याबद्दलची चुकीची माहिती दुरुस्त करून मागायचा हक्क लिहिलेला आहे, त्याचा उल्लेख करून पुन्हा मेल टाकली आहे. उत्तर आलं की इथेच लिहीन.