रॉडच्या मशीनवर आर्गन : काही महिने वापरल्यावर

आधी निकाल सांगतो, मग तपशील. रॉडने वेल्डिंग करायच्या साध्या इन्व्हर्टर मशीनला व्हॉल्व्हवाला टिग टॉर्च जोडून स्टेनलेस आणि एमएसचं (साध्या लोखंडाचं) पातळ काम चांगलं होतं. टिग म्हणजे न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकाने, आर्गन गॅसच्या आडोशात करायचं वेल्डिंग. बोलताना त्यालाच आर्गन म्हणतात. तेलाच्या ट्रान्सफॉर्मर मशीनवरही आर्गन जमवता येतं, पण ते जमवणंच आहे. आणि दोन्हीकडे खिसा टॉर्च रिकामा करत नाही, गॅस करतो.

आमचा गाळा नऱ्ह्याला. काम मुख्यतः हॉटेलच्या किचनचं, म्हणजे सिंक, टेबलं, चहाच्या दुकानांचे काउंटर. पुण्यात चौकाचौकात अमृततुल्य उघडतंय तोवर या कामाला मरण नाही. पत्रा बहुतेक ३०४ जातीच्या स्टेनलेसचा, १ ते १.५ मिलिमीटर. हा रॉडने जोडायचा म्हणजे टाके कमी आणि पडलेली भोकं बुजवणंच जास्त. म्हणून आर्गनचं काम बाहेर द्यावं लागायचं. टेम्पोचं भाडं, त्यांच्या रांगेत थांबणं, आणि वर बफिंग पुन्हा आपल्यालाच.

मशीन सिंगल फेज, अंगावर २०० अँपिअर छापलेलं (खरे किती देतं हा वेगळा विषय). टिगचं बटण नाही. तरीही चालतं, कारण रॉड आणि टिग दोघांनाही एकाच स्वभावाचा करंट लागतो. हात वरखाली होऊन आर्क (टोक आणि पत्र्यामधली विजेची ज्योत) लांबली-आखडली, व्होल्टेज हललं, तरी अँपिअर जागेवर राहिले पाहिजेत. मिगचं, म्हणजे आपोआप सरकणाऱ्या तारेच्या वेल्डिंगचं, उलट असतं, तिथे व्होल्टेज धरून ठेवतात. त्यामुळे नुसत्या मिग मशीनवर हा उद्योग करू नका.

जोडणी सोपी आहे. टॉर्च मायनसला, जॉबला (जोडायच्या तुकड्याला) लावायची अर्थची केबल प्लसला, गॅसची नळी थेट रेग्युलेटरला. डीसी आर्कची जास्त उष्णता प्लसच्या बाजूला निघते, ती जॉबवर पाहिजे. उलटं लावलं की टंगस्टनच्या टोकाचा गोळा होतो. आम्ही १७ नंबरचा, हवेवर थंड होणारा टॉर्च घेतला. तो १५० अँपिअरपर्यंतचा असतो. पातळ पत्र्याला एका मिलिमीटरमागे ४० च्या आसपास अँपिअर लागतात, त्यामुळे आमचं काम कधी त्याच्या जवळही जात नाही. घेताना मशीनचं सॉकेट लहान आहे की मोठं तेवढं बघून जा, नाहीतर नाना पेठेत दुसरी चक्कर ठरलेली.

आता जे दुकानदार सांगत नाही ते. रॉड चिकटू नये म्हणून या मशीनमध्ये हॉट स्टार्ट असतो. आर्क लागताना क्षणभर सेटिंगपेक्षा जास्त करंट सोडतो. रॉडला ते वरदान, टंगस्टनच्या टोकाला शिक्षा. दुसरा आर्क फोर्स. व्होल्टेज फार खाली गेलं की रॉड चिकटतोय असं समजून मशीन करंट वाढवतं. टिगची आर्क मुळातच १०-१५ व्होल्टवर चालते, त्यामुळे काही मशीन टॉर्च जवळ नेला की गैरसमज करून घेतात आणि ४० वर ठेवलेलं काम भलतंच तापतं. आर्क फोर्सचं वेगळं बटण असेल तर शून्यावर ठेवा. नसेल तर विकत घेण्याआधी दुकानातच टॉर्च लावून कमी अँपिअरवर चालवून बघा.

आर्क घासूनच लावायची असते. पण जॉबवर घासू नका. टंगस्टनचा कण टाक्यात अडकतो आणि टोकही घाण होतं. जोडाशेजारी जॉबला टेकवून तांब्याची पट्टी ठेवायची, तिच्यावर आर्क लावायची आणि तशीच सरकवत जोडावर आणायची. हे हाताला बसलं की मशीनमध्ये लिफ्ट टिग (टोक टेकवून उचललं की आर्क लागण्याची सोय) नाही याचं फारसं दुःख राहत नाही.

खरं दुःख टाक्याच्या शेवटाचं आहे. टिगच्या मशीनला बटण सोडलं की करंट हळूहळू उतरतो, आणि तो तुटल्यावरही गॅस काही सेकंद वाहत राहतो. इथे दोन्ही नाही. आर्क तोडायची म्हणजे टॉर्च उचलायचा, आणि टॉर्च उचलला की लाल तापलेल्या टाक्यावरचा गॅस गेला. शेवटी खड्डा पडतो, त्यात बारीक चीर येते. स्टेनलेसवर तर तो ठिपका काळा पडून बफिंगवाल्याच्या शिव्या खातो. उपाय हाताचेच आहेत. शेवटाला थोडी फिलर (भरायची तार) जास्त द्यायची, वेग वाढवत आर्क झालेल्या टाक्यावर मागे घ्यायची, झटका देऊन तोडायची आणि टॉर्च लगेच परत त्याच जागेवर आणून धरायचा. व्हॉल्व्ह नंतर बंद. दर १० अँपिअरला एक सेकंद हा हिशोब बरा पडतो. टंगस्टन निळं-काळं दिसलं की समजायचं, घाई झाली. आमच्याकडचा पोरगा हे आता न सांगता करतो, पण लांब सरळ टाक्यात. छोट्या छोट्या टॅकमध्ये (तुकडे जागेवर धरणाऱ्या ठिपक्यांमध्ये) दरवेळी हे सगळं करणं कंटाळवाणं आहे, आणि गॅस जातो तो तिथेच.

गॅसचा हिशोब असा. ७ घनमीटरचा सिलिंडर म्हणजे ७,००० लिटर. मिनिटाला ८ लिटरने सोडला तर साडेचौदा तास. कागदावर भरपूर वाटतं. पण हाताचा व्हॉल्व्ह दोन टाक्यांच्या मध्ये कोणी बंद करत नाही. बुधवारी संध्याकाळी सिलिंडरचा वरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला आणि गुरुवारची सुट्टी आली, तर शुक्रवारी काटा शून्यावर. सिलिंडरचं डिपॉझिट आणि फ्लोमीटरवालं रेग्युलेटर मिळून टॉर्चच्या कित्येक पट जातात, ते धरूनच बजेट करा.

या टॉर्चला बटण नसल्यामुळे मशीन चालू असेपर्यंत टंगस्टन जिवंत असतं. टेबलावर ठेवलात की तिथेच आर्क. लाकडी खुंटी मारून घ्या. शटर उघडं ठेवा, पण पंख्याचा झोत जॉबवर नको. गॅस उडतो आणि टाक्यात बुडबुडे येतात. स्वस्तातला आपोआप काळा होणारा हेल्मेट ३० अँपिअरच्या बारीक आर्कला कधीकधी ओळखतच नाही. डोळ्यांचा प्रश्न आहे, तिथे काटकसर नको. काळा पाइप ग्राइंडरने चकाचक केल्याशिवाय टिग लावू नका. रॉडचा फ्लक्स (वरचं आवरण) जी घाण पोटात घालतो ती आर्गन घालत नाही.

शेजारच्या गाळ्यातल्या काकांकडे तेलाचं जुनं मशीन आहे. आमचं बघून त्यांनाही हुरूप आला. म्हणाले, "अरे, तुझ्या त्या डब्यावर होतं, मग माझ्या या हत्तीवर का नाही?" कारण ते एसी आहे. सेकंदाला १०० वेळा करंट शून्यावर येतो. रॉडच्या फ्लक्समधलं पोटॅशियम त्या क्षणी आर्क जगवतं, टंगस्टन आणि आर्गनमध्ये तसं काही नाही. काकांनी मोठे डायोड, हीट सिंक आणि पंखा लावून एसीचा डीसी करणारा ब्रिज बसवला. आर्क लागली, पण तडतडत होती. जाड तारेचा चोक (करंट एकसारखा ठेवणारं वेटोळं) मालिकेत टाकल्यावर सुधारली. जाड पाइपची पहिली रन (जोडाच्या तळाचा टाका) त्यावर आता ते बऱ्यापैकी मारतात. पण ते मशीन ६० अँपिअरच्या खाली उतरत नाही, म्हणजे आमचा १ मिलिमीटरचा पत्रा गेलाच. डायोड, चोक आणि काकांची मजुरी धरली तर त्या पैशांत छोटं इन्व्हर्टर आलं असतं. हे त्यांना सांगून उपयोग नाही, त्यांना मजा आली.

ट्रान्सफॉर्मरची खरी जागा ॲल्युमिनियममध्ये आहे. त्याला एसीच लागतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, वरचा ऑक्साइडचा थर २,००० अंशांच्या वर. तो फोडायचं काम टंगस्टन प्लसला असतानाची अर्धी लहर करते. त्यासाठी आर्क दर लहरीला पुन्हा पेटवणारा एचएफ (हाय फ्रिक्वेन्सी) बॉक्स लागतो. काकांनी एक मागून आणला. पेटली, साफही करत होती. पण तापलेलं टंगस्टन इलेक्ट्रॉन सहज सोडतं, ॲल्युमिनियम सोडत नाही, त्यामुळे दोन अर्ध्या लहरी सारख्या राहत नाहीत. उरलेला डीसी ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमध्ये बसतो. आवाज बदलला, तेल लवकर तापलं. मुळातल्या टिग ट्रान्सफॉर्मरमध्ये यासाठी कपॅसिटरची बँक किंवा तशी दुसरी सोय असते. शिवाय बॉक्स चालू असेपर्यंत आमच्या गाळ्यातला डिजिटल वजनकाटा वाटेल ते आकडे दाखवत होता. हा बॉक्स साध्या इन्व्हर्टरला तर चुकूनही जोडू नका, आतलं सर्किट जाऊ शकतं.

तेव्हा रॉडचं डीसी इन्व्हर्टर हातात असेल आणि काम स्टेनलेसचं असेल तर टॉर्च जरूर घ्या. नवंच मशीन घेणार असाल तर थोडे जास्त घालून लिफ्ट टिग, करंट उतरवण्याची सोय आणि गॅस आपोआप चालू-बंद करणारा सोलेनॉइड असलेलं बघा. टॅकच्या कामात ते पैसे गॅसमधून परत येतात. ॲल्युमिनियम आम्ही अजून भोसरीला पाठवतो. एसी-डीसी मशीन परवडायला जेवढं काम लागतं तेवढं आमच्याकडे येत नाही.