अंड्याचा बलक सोडायचा की तुपाचा हात आखडायचा?

रक्ताच्या रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढलेलं दिसलं की घरात पहिली गदा अंड्यांवर येते. बलक टाकून पांढरं खायचं, कोळंबी बंद. चहाबरोबरची खारी मात्र चालूच, कारण ती शाकाहारी! आधी काय सोडावं हे ठरवायचं असेल, तर माझं उत्तर स्पष्ट आहे: आधी खारी.

एका मोठ्या अंड्यात साधारण १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, सगळं बलकात. संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट, तूप-खोबरेलात भरपूर असते ती) मात्र जेमतेम दीड ग्रॅम. बलकाची धास्ती जुनी आहे. १९१३ मध्ये रशियात शास्त्रज्ञ अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांत थर साचले. पण ससा पडला पाला खाणारा. माणसाचं यकृत रोज स्वतःच कोलेस्टेरॉल बनवतं आणि खाण्यातून जास्त आलं तर बहुतेकांमध्ये आपलं काम आवरतं घेतं. अमेरिकेत १९६८ पासून सांगितली जाणारी दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा २०१५च्या आहार-मार्गदर्शिकेतून वगळली गेली. कमीच खा, हा सल्ला तेवढा राहिला. वाद मिटलेला नाही. २०१९च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात रोजच्या प्रत्येक जादा ३०० मिलिग्रॅममागे हृदयविकाराचा धोका १७ टक्के जास्त दिसला, तर २०२०च्या दुसऱ्या अभ्यासात रोज एका अंड्यापर्यंत धोका वाढलेला दिसला नाही.

संपृक्त चरबीबद्दल मात्र इतकी ओढाताण नाही. रक्तातलं एलडीएल उचलून घेणारे रिसेप्टर यकृताच्या पेशींवर असतात. त्यांच्या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांना १९८५चं नोबेल मिळालं. संपृक्त चरबी वाढली की हे रिसेप्टर मंदावतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. रोज २,००० कॅलरी खाणाऱ्याने ही चरबी २२ ग्रॅमच्या आत ठेवावी. एका मोठ्या चमचाभर तुपात ती सुमारे ८ ग्रॅम, तेवढ्याच खोबरेल तेलात ११च्या वर. बाटलीवरचं ‘कोलेस्टेरॉल शून्य’ खरंच असतं, पण त्याने काहीच ठरत नाही. वनस्पतीजन्य तेलात ते नसतंच. बेकरीतल्या खारीत, नानकटाईत बहुधा वनस्पती तूप किंवा मार्गरीन असतं. त्यातल्या ट्रान्स फॅटने (तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या चरबीने) एलडीएल वाढतं आणि चांगलं एचडीएल घटतं. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे त्यावर २ टक्क्यांची मर्यादा आली हे फार चांगलं झालं, पण संपृक्त चरबी त्यात राहतेच.

कोळंबीचंही तेच. कोलेस्टेरॉल भरपूर, संपृक्त चरबी नावापुरती. कालवणात दोष शोधायचाच तर नारळाच्या दाट दुधात शोधा.

आणि ताटाच्या बाहेरचं विसरू नका. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात (२००४) तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर ही हृदयविकाराच्या झटक्याची मोठी कारणं निघाली, आणि दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो, हेही. मिश्री लावणाऱ्या आजीने बलक सोडून काय साधणार?

मधुमेह असेल, किंवा घरात कमी वयात झटके आलेले असतील, तर बलकाचाही हिशेब डॉक्टरांना विचारूनच ठेवा. बाकीच्यांनी खारी-वनस्पती बंद करून, तूप-खोबरेल मोजून वापरून दोन-तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, पुन्हा करावं. चालू असलेली स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल कमी करणारी) गोळी मात्र स्वतःहून थांबवू नये.