बॉयलरमधला गाळ: हाताने ब्लोडाऊन, टायमर व्हॉल्व्ह, टीडीएस कंट्रोलर की आधी सॉफ्टनर?

इचलकरंजी-सोलापूरकडच्या प्रोसेस हाउसमध्ये किंवा एखाद्या डेअरीत २ ते ५ टनी (ताशी तेवढी टन वाफ देणारा) बॉयलर असला, की मालकाच्या टेबलावर कधी ना कधी तीन-चार कोटेशनं येऊन पडतात. एक जण ऑटो ब्लोडाऊन व्हॉल्व्ह देतो (ब्लोडाऊन म्हणजे बॉयलरमधलं घाण पाणी व्हॉल्व्ह उघडून बाहेर सोडणं), दुसरा टीडीएस कंट्रोलर, तिसरा म्हणतो आधी पाणी सुधारा. जुना फायरमन म्हणतो, कशाला खर्च, शिफ्टला एकदा व्हॉल्व्ह मारला की झालं. चौघांचंही आपापल्या जागी बरोबर असू शकतं, कारण चौघे वेगवेगळ्या दुखण्यावर औषध सांगत असतात.

बॉयलरच्या पाण्यात दोन प्रकारची घाण साठते. एक न विरघळलेली: कॅल्शियम-मॅग्नेशियमचा चिखल, कच्च्या पाण्यातून आलेली माती, कंडेन्सेट (वापरून पुन्हा पाणी झालेली वाफ) परत आणणाऱ्या लाइनीतला गंज. ती जड असते, तळाशी बसते आणि तळाच्या व्हॉल्व्हनेच निघते. दुसरी विरघळलेली, म्हणजे टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार). ती सगळ्या पाण्यात सारखी असते आणि कुठूनही पाणी काढलं तरी कमी होते. मात्र वरच्या थरातून काढणं सोयीचं, कारण फेस आणि तरंगता मळही तिथेच असतो. टीडीएस मीटरला चिखल दिसत नाही. मीटर २,५०० दाखवत असताना तळाशी चार बोटं गाळ असू शकतो. हा फरक धरला नाही तर कुठलीही खरेदी चुकीची ठरते.

आधी बाटली, मग कोटेशन

तळाच्या लाइनीवर सॅम्पल कूलर (नमुन्याचं पाणी थंड करणारं उपकरण) बसवून घ्या. उघड्या ब्लोडाऊन पाइपाखाली बादली धरण्याचा प्रकार अजिबात नको, १० किलो प्रेशरचं पाणी बाहेर पडताच उकळून उडतं. कूलरमधून काचेच्या बाटलीत पाणी घ्या आणि अर्धा तास हलवू नका. तळाशी पांढरट-राखाडी, बोटात मऊ लागणारा थर बसला तर हार्डनेस (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) आत येतोय: तो अडवणारा सॉफ्टनर गळतोय किंवा त्याला मीठ मारायला (मिठाच्या पाण्याने तो पुन्हा ताजा करायला) उशीर होतोय. तांबूस किंवा काळा थर बसला तर कंडेन्सेटमधून लोखंड येतंय. मातकट थर पावसाळ्यात नदी-कालव्याच्या पाण्यावर चालणाऱ्यांकडे दिसतो, म्हणजे फिल्टर काम करत नाही. बाटली स्वच्छ आणि टीडीएस मात्र वर, असं असेल तर प्रश्न गाळाचा नाहीच.

टीडीएस मोजतानाही पाणी कूलरमधून २५ अंशांपर्यंत थंड करूनच घ्यायचं. गरम पाणी सरळ भांड्यात घेतलं तर १० किलो प्रेशरला त्यातला सुमारे १६ टक्के भाग वाफ होऊन उडतो आणि उरलेलं पाणी तेवढं दाट होतं. बॉयलरच्या पाण्यातला कॉस्टिकही (अल्कली) कंडक्टिव्हिटी (पाण्याची वीजवाहकता, मीटर तीच मोजतो) फुगवतो, म्हणून सॅम्पल आधी न्यूट्रल करा आणि मग कंडक्टिव्हिटीला ०.७ ने गुणा, तो टीडीएस.

हिशोब

उदाहरण म्हणून ३ टनी, तीन-पास स्मोक ट्यूब बॉयलर घेऊ. सरासरी वाफ ताशी २,००० किलो, रोज २० तास, कंडेन्सेट ४० टक्के परत. पॅकेज बॉयलरला टीडीएस ३,००० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) आत ठेवणं बरं. (आयएस १०३९२ या भारतीय मानकात २० किलोपर्यंतच्या प्रेशरसाठी कमाल ३,५०० आहे, बनवणाऱ्याने कमी आकडा दिला असेल तर तोच पाळा.)

बोअरच्या पाण्याचा टीडीएस ६०० असेल तर ताशी १,५०० किलो मेकअप (गेलेल्या पाण्याऐवजी भरायचं नवं पाणी) लागतं. त्यातून ९०० ग्रॅम क्षार आत येतात आणि तेवढेच बाहेर काढायला ताशी ३०० किलो ब्लोडाऊन लागतो. दिवसाचे ६,००० किलो.

हाच बॉयलर १०० पीपीएमच्या पाण्यावर चालवला तर ताशी साधारण ४१ किलो पुरतात, म्हणजे दिवसाचे ८३० किलोच्या आसपास.

आता हे आकडे गेज ग्लासवर (आतल्या पाण्याची पातळी दाखवणारी काच) उतरवा. आतल्या पाण्याचा पृष्ठभाग ६.४ चौरस मीटर असेल, तर काचेत १ सेंटिमीटर पातळी उतरली की ५६ किलो पाणी गेलं. (मोजताना फीड पंप बंद ठेवा आणि तेवढ्यापुरती नजर काचेवरून हलवू नका.) ८३० किलो म्हणजे दिवसभरात १५ सेंटिमीटर: तीन शिफ्टमध्ये प्रत्येकी दोनदा अडीच सेंटिमीटर. हे हाताने सहज जमतं. ६,००० किलो म्हणजे दिवसाला १ मीटरहून जास्त. हे हाताने जमत नाही. जिथे जमतंय असं लॉगबुकात लिहिलेलं असतं, तिथे एक तर टीडीएस वर गेलेला असतो, नाहीतर आकडे बसल्या जागी भरलेले असतात.

हाताने तळाचा ब्लोडाऊन

खर्च जवळपास शून्य आणि गाळासाठी आजही सर्वात परिणामकारक, नीट मारला तर. व्हॉल्व्ह उघडल्यावर पहिल्या काही सेकंदांत तोंडाजवळचा गाळ ओढला जातो. त्यानंतर वाहतं ते बऱ्यापैकी स्वच्छ, गरम, पैसे देऊन तापवलेलं पाणी. म्हणून एकदाच अर्धी काच रिकामी करण्यापेक्षा ३ ते ५ सेकंदांचे तीन झटके मारा. मध्ये मिनिट-दोन मिनिटं थांबा, म्हणजे आजूबाजूचा गाळ पुन्हा तोंडाशी सरकतो. वेळ निवडायची ती लोड कमी असतानाची. सकाळी भट्टी उठवण्याआधीची तर उत्तम, रात्रभर गाळ खाली बसलेला असतो.

दोन व्हॉल्व्ह असतील तर बॉयलरकडचा आधी पूर्ण उघडायचा आणि झटके बाहेरच्या व्हॉल्व्हने मारायचे. बंद करताना बाहेरचा आधी, आतला नंतर. म्हणजे झीज बाहेरच्याच सीटवर होते आणि तो बॉयलर चालू असताना बदलता येतो. व्हॉल्व्ह घट्ट झाला म्हणून हँडलला पाइप लावून ताकद करू नका, पॅकिंग आणि स्पिंडल तपासा.

झटक्यानंतर अर्ध्या तासाने बाहेरच्या पाइपाचं तापमान बघा. अजून चटका बसण्याइतका गरम असेल तर व्हॉल्व्हच्या सीटमध्ये खपली (क्षाराच्या कडक थराचा तुकडा) अडकली आहे आणि पाणी चोवीस तास गळतंय.

मेंब्रेन वॉलची (पाण्याच्या नळ्या जोडून केलेल्या भिंतीची) भट्टी असलेल्या बॉयलरमध्ये एक धोका वेगळा सांगायलाच हवा. खालच्या हेडरांनाही (या नळ्या ज्यांना जोडलेल्या असतात ते जाड पाइप) ड्रेन व्हॉल्व्ह असतात. भट्टी जोरात असताना ते उघडले तर वॉल ट्यूबमधलं पाण्याचं फिरणं बिघडतं आणि ट्यूब तापून फुगते किंवा फुटते. हेडरचा गाळ भट्टी दाबलेली असतानाच काढायचा. आणि दोन बॉयलरची ब्लोडाऊन लाइन एकच असेल, एक बॉयलर साफसफाईला उघडा असेल, तर दुसऱ्याचा व्हॉल्व्ह मारणं म्हणजे आतल्या माणसावर उकळतं पाणी सोडणं. अशा ठिकाणी एकच किल्ली ठेवा, अशी की व्हॉल्व्ह बंद झाल्याशिवाय ती निघत नाही.

टायमरवरचा तळाचा व्हॉल्व्ह

हे हाताच्याच कामाचं यंत्र, दुसरं काही नाही. दर ८ तासांनी ५ सेकंद असं लावलं की फायरमन विसरला तरी झटका पडतो. रात्रपाळीत एकच माणूस कोळसा, राख आणि बॉयलर सांभाळत असेल तर याचे पैसे वसूल होतात. पण टायमरला टीडीएस कळत नाही आणि गाळ किती हेही कळत नाही. उन्हाळ्यात लावलेली वेळ पावसाळ्यात चालेलच असं नाही.

बिघाड ठरलेले आहेत. कॉम्प्रेसरची हवा पडली तर व्हॉल्व्ह बंद झाला पाहिजे. स्प्रिंगने बंद होणारा नसेल तर घेऊच नका. पाण्याची पातळी कमी असताना उघडू नये म्हणून लेव्हल कंट्रोलरशी इंटरलॉक हवा. आणि खपली अडकून व्हॉल्व्ह अर्धवट बंद राहिला तर कळावं म्हणून बंद स्थितीचा स्विच आणि अलार्म. या तीन गोष्टी कोटेशनमध्ये लेखी नसतील तर किंमत कितीही कमी असो, तो सौदा महागच.

टीडीएस कंट्रोलर

विरघळलेल्या क्षारांसाठी याला तोड नाही, आणि इंधन वाचतं ते इथेच. हाताने चालवताना टीडीएस वर-खाली होतो. शिखर ३,००० ला ठेवायचं तर सरासरी २,००० वर येऊन बसते. कंट्रोलर २,८०० ला धरून ठेवू शकतो. आपल्या उदाहरणात, ६०० टीडीएसच्या पाण्यावर, सरासरी २,००० असताना ताशी ५१४ किलो ब्लोडाऊन जातो, २,८०० ला ३२७. वाचले १८७ किलो. प्रत्येक किलोबरोबर सुमारे १५६ किलोकॅलरी जातात (१० किलो प्रेशरचं पाणी बाहेर, ३० अंशांचं मेकअप आत). किलोला ४,००० किलोकॅलरीची ब्रिकेट (शेतकचरा दाबून केलेलं जळण) आणि ७५ टक्के कार्यक्षमता धरली तर रोज जवळपास १९० किलो ब्रिकेट वाचते. तुमच्या भावाने गुणा आणि कोटेशनशेजारी लिहा. १०० टीडीएसच्या पाण्यावर हाच हिशोब करून बघा. बचत इतकी उतरते की कंट्रोलर घेण्याची घाई उरत नाही.

मात्र कंट्रोलर बसवला म्हणून तळाचा व्हॉल्व्ह विसरायचा नाही. ही चूक सर्रास होते: स्क्रीनवर आकडा ठीक, म्हणून तळ कोणी मारत नाही आणि वार्षिक तपासणीला मडहोल (तळ साफ करण्याचं तोंड) उघडल्यावर आतून फावड्याने गाळ काढावा लागतो. दुसरा दोष सेन्सरचा. त्यावर क्षाराचा थर बसला की तो कमी टीडीएस दाखवतो, व्हॉल्व्ह बंदच राहतो आणि खरा टीडीएस चढत जातो. मग गेज ग्लासमध्ये पाणी नाचतं, वाफेबरोबर पाणी जातं, लाइनीत हातोडे बसतात, कापडावर डाग पडतात. आठवड्यातून एकदा हातातल्या मीटरने ताडून पाहणं हाच उपाय. सेन्सर फीडच्या तोंडाजवळही नको, तिथे पातळ पाणी लागतं.

वरच्या ब्लोडाऊनची उष्णता फ्लॅश व्हेसलमधून (प्रेशर उतरवून वाफ वेगळी करणारी टाकी) फीड टँकला देता येते आणि ताशी ३०० किलोला ते परवडतं. तळाचा ब्लोडाऊन मात्र कधीही प्लेट हीट एक्स्चेंजरमधून नेऊ नका, गाळाने तो बुजतो.

आधी पाणीच सुधारलं तर

आमचं मत स्पष्ट आहे: बाटलीत पांढरट गाळ दिसत असेल तर पहिला पैसा इथेच जावा. उदाहरणातला बॉयलर रोज ३०,००० लिटर मेकअप घेतो. सॉफ्टनरमधून फक्त २० पीपीएम हार्डनेस सुटला तरी रोज ६०० ग्रॅम, २६ दिवसांत साडेपंधरा किलो. फॉस्फेटचा डोस चालू असेल (बॉयलरच्या पाण्यात २० ते ४० पीपीएम) तर त्याचा मऊ चिखल होतो आणि ब्लोडाऊनने निघतो. डोस नसेल तर तोच ट्यूबवर खपली होऊन बसतो, आणि चिकटलेली खपली कुठल्याही व्हॉल्व्हने निघत नाही.

४०० पीपीएम हार्डनेसच्या बोअरला रोज १२ किलो हार्डनेस अडवायचा आहे. रेझिनची (सॉफ्टनरमधले हार्डनेस पकडणारे दाणे) क्षमता लिटरला ५० ग्रॅम धरली तर २४० लिटर रेझिन आणि दिवसाला एकदा सुमारे ३६ किलो मीठ. कोटेशनमध्ये १०० लिटर रेझिन दिसलं तर दिवसात अडीच वेळा मीठ मारावं लागेल, आणि ते कोणी मारत नाही.

सॉफ्टनर टीडीएस कमी करत नाही, हे लक्षात असू द्या. टीडीएसच कमी करायचा असेल तर आरओ (बारीक पडद्यातून पाणी गाळणारा संच). ३० पीपीएमच्या पाण्यावर ब्लोडाऊन ताशी १२ किलोवर येतो, पण रिजेक्ट (आरओने बाहेर टाकलेल्या) पाण्याची सोय लागते आणि आरओच्या पाण्याचा पीएच कमी असल्याने अल्कलीचा डोस न चुकवता द्यावा लागतो.

मग कोणी काय घ्यावं

मेकअपचा टीडीएस १५० च्या आत आणि बाटली स्वच्छ असेल तर हाताचा ब्लोडाऊन, सॅम्पल कूलर आणि चांगला मीटर एवढंच पुरे. टीडीएस ४००-५०० च्या वर आणि लोड दिवसभर बदलता असेल तर टीडीएस कंट्रोलर, आणि तळ हाताने चालूच. रात्रपाळीवर भरवसा नसेल तर टायमर त्याच्या जोडीला. तांबडा गाळ असेल तर यापैकी काहीच नको: कंडेन्सेट लाइनीचा पीएच तपासा, परतीच्या टाकीआधी फिल्टर लावा.

सॉफ्टनर नव्याने बसवणाऱ्यांनी पहिले काही महिने तळाच्या झटक्यांची संख्या वाढवावी. पाणी मऊ झालं की जुनी खपली सुटून तुकड्यांनी खाली पडते आणि ब्लोडाऊन पाइपाच्या तोंडाशी अडकते. व्हॉल्व्ह उघडूनही नेहमीचा आवाज आला नाही, काचेतली पातळी हलली नाही, तर व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा मारत बसू नका. बॉयलर थंड करून मडहोल उघडा आणि तोंड हाताने मोकळं करा.