स्टिकरखाली काय होतं
जांघेत गोल चट्टा उठला. कडा लालसर, जराशी वर आलेली, मधली कातडी जवळपास साधी, आणि रात्री कंड असा की झोपेचं खोबरं. गजकर्णच ते. पण असल्या जागचं दुखणं डॉक्टरांना दाखवायची लाज वाटली. तिथेच मी फसलो.

फोनवर जाहिरात आली: 'गजकर्ण, नायटा, खरूज, सगळ्यांवर एकच मलम. शुद्ध वनौषधी.' खरूज होते सूक्ष्म किड्यांमुळे, गजकर्ण बुरशीमुळे. दोन्हींवर एकच औषध म्हटल्यावरच शंका यायला हवी होती. तरी दिलेल्या नंबरवर फोन केला. पलीकडचा माणूस स्वतःला वैद्य म्हणवत होता. चट्टा किती दिवसांचा, मधुमेह आहे का, काही विचारलं नाही. विचारला तो फक्त पत्ता.

मलम लावलं आणि दुसऱ्याच दिवशी कंड थांबला, चौथ्या दिवशी लाली गेली. मी इतका खूश की दोघा ओळखीच्यांना तो नंबर दिला. मलम थांबवलं आणि आठवड्याच्या आत चट्टा परत, आधीपेक्षा मोठा. फोन केला तर म्हणे, 'विष बाहेर पडतंय, अजून तीन ट्यूब लागतील.' आणि मी मागवल्या! असे तीन महिने गेले. चट्टे मांड्यांवर, पोटावर पसरले, कडा इतक्या पुसट झाल्या की गजकर्ण म्हणून ओळखू येईना, आणि जांघेत जांभळट रेघा उमटल्या.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी ट्यूबवरचं वनौषधीचं स्टिकर नखाने खरवडलं. खाली बारीक छपाई: क्लोबेटासॉल, मायकोनॅझोल, निओमायसिन. यातलं बुरशीचं औषध एकच, मायकोनॅझोल. निओमायसिन जिवाणूंवरचं, आणि क्लोबेटासॉल म्हणजे अतिशय तीव्र स्टेरॉईड. ते सूज आणि खाज दाबतं, पण त्याबरोबर त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबतं. वरून बरं दिसतं, आत बुरशीला रान मोकळं. जांघेतली कातडी मुळात पातळ, तिथे तर ते फारच नुकसान करतं.

बाईंनी चट्ट्याची खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, बुरशी दिसली. ती ट्यूब बंद केली, टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाचं साधं, स्टेरॉईड नसलेलं मलम दिलं. चट्टे फार पसरले होते म्हणून पोटातूनही गोळ्या. मलम लावायची रीत मला तोवर माहीतच नव्हती: जागा धुऊन पूर्ण कोरडी करायची, पातळ थर द्यायचा, तोही चट्ट्याच्या कडेबाहेर साधारण 2 सेंटिमीटरपर्यंत. नंतर हात धुवायचे. त्वचा साफ दिसली म्हणून लगेच सोडायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पुरी करायची. टॉवेल वेगळा, घट्ट कपडे बंद. घरात आणखी कोणाला चट्टे असतील तर त्यांनाही उपचार, नाहीतर एकमेकांकडून फिरत राहतं. डोक्यातलं गजकर्ण नुसत्या मलमाने जात नाही, हेही तिथेच कळलं.

आता ट्यूब घेताना आधी घटक वाचतो. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन या स्टेरॉईडांपैकी काही दिसलं की खाली ठेवतो. घटकांवर काही चिकटवलेलं असेल तर तेवढंही बघत नाही.

त्या दोघा ओळखीच्यांना फोन करून सगळं सांगितलं. एकाने मलम वापरलंच नव्हतं, दुसऱ्याची तिसरी ट्यूब चालू होती. माझे चट्टे गेले. रेघा फिकट होतील, पण पूर्ण जाणार नाहीत, असं बाई म्हणाल्या.